बुटकी सावली

घाडीकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते त्याच्या सावलीकडे बघतात.

आम्ही मुलुंड पूर्वेच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या सकाळी टेम्पोतून सामान उतरत होतं. कपाटाच्या आरशाला कुठे धक्का लागतोय का, ते बघत मी उभी होते. तेवढ्यात एक सडपातळ म्हातारा माझ्यासमोर येऊन थांबला. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक, डोक्याला पांढरी टोपी आणि कानावर पेन्सिल. मला वाटलं, हमालांचा मुकादम असेल. त्याने आधी माझ्या पायांशी पाहिलं, मग माझ्यामागे जमिनीवर लांबवर पाहिलं, आणि निराश होऊन मान हलवली.

"अजून लांब आहे गो बाय. अकराला ये."

"कुठे येऊ?"

"खाली. आता उभी राहून काय उपयोग नाय. सावली बुटकी झाली की ये."

एवढं बोलून तो निघून गेला. मी नवऱ्याला म्हटलं, "बिल्डिंगमध्ये एक वेडा आहे. ब्रोकरने बरं सांगितलं नाही." नवरा म्हणाला, "सांगितलं असतं तर भाडं कमी झालं असतं का?" आमच्या घरात विषय तिथेच संपतात.

हे घाडीकाका. ए विंग, पहिला मजला, एकशे दोन. मूळचे मालवणकडचे, वय सत्तरीच्या पुढे. विक्रोळीच्या एका कारखान्यात उभी हयात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची, केसाएवढा फरक चालायचा नाही. कारखान्याने निवृत्त केलं तेव्हा हातात कला होती, पण मापायला काही उरलं नव्हतं. मग काकांनी ऊन मापायला घेतलं.

त्यांचं शास्त्र एका वाक्याचं आहे. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेव्हाचं ऊन अंगात डी तयार करतं, सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर तो नुसता उजेड. व्हिटॅमिन डी असं पूर्ण नाव ते घेत नाहीत. नुसतं डी, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. जिन्यात भेटले की "जेवलात का?" विचारत नाहीत. "बुटकी झाली काय?" विचारतात. नवीन माणूस आधी दचकतो, मग स्वतःची उंची आठवतो.

आता आमच्या सोसायटीत ऊन आहेच किती? पुढे एक टॉवर झाला, बाजूला दुसरा होतोय, आणि उरलेल्या आभाळावर मोबाइलचा मनोरा. सूर्य आमच्याकडे येतो तो भाडेकरूसारखा, अंग चोरून. काकांनी या उन्हाचा नकाशा काढलाय. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, एकसारख्या ठाशीव अक्षरांत. गेटजवळ किती ते किती, पंपरूमपाशी किती ते किती, टाकीच्या कोपऱ्यात किती ते किती. सूर्य सरकतो म्हणून दर महिन्याला नवा नकाशा नोटिस बोर्डावर लागतो. शिवाय जमिनीवर खडूच्या रेघा असतातच. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त कुणी वाचत नाही, पण उन्हाचा नकाशा सगळे वाचतात. बायका त्यावरून पापड वाळत घालतात, याचं काकांना फार वाईट वाटतं.

"पापडाला डी कशाला गो?" ते विचारतात. "त्याला काय जिना चढायचाय?"

पार्किंगवरून तर त्यांनी युद्धं केली आहेत. टाकीच्या कोपऱ्यावर त्यांनी पाटी लावली आहे: 'येथे दुपारी १२ ते १ गाडी लावू नये. गाडीला हाडे नसतात.' खाली सही, घाडी, ए-१०२. सेक्रेटरींनी ती पाटी तीनदा काढली आणि काकांनी ती चारदा लावली. चौथ्यांदा सेक्रेटरींची गुडघेदुखी निघाली, रिपोर्टात डी तळाला. तेव्हापासून पाटी आहे.

बंद काचेआड ऊन खाणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. बी विंगच्या मराठे सरांनी बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या आणि आत आरामखुर्ची टाकून ते रोज तासभर पेपर वाचू लागले. काका खालून ओरडले, "सर, काचेतनं डी येत नाय! फोटोतलं जेवण जेवताय तुम्ही!" मराठे सर निवृत्त हेडमास्तर. खालून कुणी ओरडावं याची त्यांना सवय नव्हती. पण पुढे याच सरांनी काकांना मोठ्या कामाला लावलं.

झालं असं, की सरांना डॉक्टरांनी डीची पाकिटं दिली. दुधात घालून घ्यायची पावडर, आठवड्याला एक. पण औषध नेमाने घ्यायचं आणि नेम म्हणजे रोज, हे सरांच्या हाडात भिनलेलं. सहाव्या दिवशी त्यांनी काकांना अभिमानाने सांगितलं, "रोज घेतोय. एक दिवस चुकवला नाही." काकांनी त्यांना होते त्या पायजम्यात आणि स्वतः होते त्या चड्डीत रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. लवकर कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. डीची पाकिटं घेतलेला माणूस दुकानातून आधी घाडीकाकांकडे जातो, मग घरी. काका प्रत्येक पाकिटावर आपल्या ठाशीव अक्षरांत 'रविवार' लिहून देतात. त्या अक्षरांत असं काही वजन असतं, की सोमवारी ते पाकीट उघडायची कुणाची छाती होत नाही.

आणि त्यांचा सण वेगळाच. मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्यात, एकदा जुलैअखेर. जुलैमध्ये आभाळ भरलेलं असतं, म्हणून काका मेमधला दिवस धरतात. त्या दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. काका त्याला बिनसावलीचा दिवस म्हणतात. कंपाउंडात एक पाइप ओळंब्याने सरळ उभा करतात, पोरांना गोळा करतात आणि सावली नाहीशी झाली की उकडलेल्या शेंगा वाटतात. पेढे वाटत नाहीत. साखरेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडतो, हे मी तेव्हाच पाहिलं होतं, पण त्यामागे काही असेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट पाहिली होती. रोज दुपारी बाराला काका घरून एक खुर्ची आणतात आणि टाकीच्या कोपऱ्यात, सगळ्यात चांगल्या उन्हात ठेवतात. महिन्यागणिक ती हात-दीड हात सरकते. नकाशात त्या चौकोनात एकच शब्द असतो, 'राखीव'. तिथे कुणी बसायचं नाही. आम्ही समजत होतो, काका स्वतःसाठी ठेवतात. पण ते स्वतःही कधी बसायचे नाहीत. पाऊण तास खुर्चीशेजारी उभे राहायचे आणि मग खुर्ची उचलून घरी जायचे. वॉचमनने विचारलं तर म्हणाले, "तू गेट बघ."

त्या घरात त्यांची एक बहीण असते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. बेबी. लग्न झालेलं नाही. दूधवाल्याला दार उघडते, डॉक्टरकडे जाताना लांब बाह्यांचा ड्रेस, डोक्यावर ओढणी, त्यावर छत्री आणि रिक्षा थेट जिन्यापाशी. बाकी खाली कधी दिसत नाही.

हे झालं काकांचं. आता माझी लाज सांगते.

माझी मुलगी सई गेल्या वर्षी दहावीला होती. सकाळी व्हॅनने शाळा, दुपारी एसी क्लास, संध्याकाळी दुसरा एसी क्लास, मग घरी टेबल. तिला सूर्य भूगोलाच्या पुस्तकात भेटायचा तेवढाच. जेवण डब्यातलं अर्धं परत, आणि वर क्लासखालच्या टपरीवरचे नूडल्स, बाटलीतलं गोड पाणी. अंगाने भरत चालली होती आणि दोन जिने चढली की सोफ्यावर आडवी. "मम्मी, पाय दुखतात यार," हे दिवसातून चारदा. मी म्हणायचे, "मोबाइल ठेव, थांबतील." माझ्याकडे सगळ्या रोगांवर तेव्हा हे एकच औषध होतं.

आणि तिची मान काळी झाली होती. मागच्या बाजूला, गळ्यातली साखळी टेकते तिथे, जाडसर काळा पट्टा. मी मळ समजले. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. रोज शंभर मुलं समोरून जातात, आणि माझ्याच मुलीची मान कळकट, हे मला खाली मान घालायला लावायचं. दर रविवारी तिला बाथरूममध्ये पाटावर बसवायचे आणि घासायचे. आधी बेसन-दही, मग लिंबू, आणि शेवटी टाचा घासायची वजरी. मान लाल व्हायची, पण पट्टा हलायचा नाही. मग माझं तोंड सुटायचं. "एवढी मोठी झालीस, अंग घासता येत नाही?"  सईने नुसते केस मोकळे सोडायला सुरुवात केली. उकाड्यातसुद्धा मोकळे. खाली जाणं तर बंदच केलं. म्हणायची, "ऊन लागलं की अजून काळी होईन." हे वाक्य तिला कुणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन होतं. सई शाळेतून परस्पर आली, शाळेचा नियम म्हणून दोन वेण्या, पांढरा कुर्ता. ती माझ्यापुढे उभी होती आणि पांढऱ्या कॉलरवर तो काळा पट्टा मला एखाद्या डागासारखा दिसत होता. मला राहवलं नाही. मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि तिथेच, सगळ्यांच्यात, तिची मान खसाखसा पुसायला लागले. "बघ जरा. सगळ्यांसमोर शोभतं का हे?"

"हात काढ!"

अख्खं कंपाउंड दचकलं. सेक्रेटरींच्या हातात झेंड्याची दोरी तशीच राहिली. घाडीकाका रांग सोडून माझ्या अंगावर आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं लक्ष जमिनीकडे नव्हतं. सईच्या मानेकडे होतं.

"हात काढ आधी तिथनं! परत लावलास तर बघ!"

त्यांचा आवाज चिरकला होता. मी रुमाल खाली घेतला. मग झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं की माझ्या मुलीच्या बाबतीत मला दम देणारा हा गंजीफ्रॉकवाला कोण. नवरा म्हणाला, "म्हातारा आहे, सोड." मी सोडणारी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून मी माझी स्कूटर टाकीच्या कोपऱ्यात लावली, बरोब्बर 'राखीव' चौकोनावर. हलवायला लागू नये म्हणून मी शाळेत रिक्षाने जाऊ लागले. वय वर्षं त्रेचाळीस, आणि हा माझा प्रताप.

आठ दिवस झाले, स्कूटर तिथेच होती. काका एक शब्द बोलले नाहीत. वॉचमन सांगायचा, "खुर्ची घेऊन येतात, उभे राहतात, परत नेतात." तेव्हा मला बरं वाटायचं. आता ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

नवव्या दिवशी स्कूटरच्या हॅन्डलला ट्रेसिंग पेपरची सुरळी अडकवलेली होती. मला वाटलं, आता भांडण सुरू. उघडलं तर एक ड्रॉइंग. मुलीची पाठमोरी मान, दोन वेण्या, मधोमध बारीक रेघारेघांनी भरलेला पट्टा. पट्ट्याकडे जाणारा बाण, आणि बाणाच्या टोकाला ठाशीव अक्षरांत: 'हा मळ नव्हे. घासल्याने जात नाही. डॉक्टरला दाखवा. घाडी.'

मी सईला डॉक्टरकडे नेलं ते काका चुकीचे आहेत हे सिद्ध करायला. डॉक्टर बाईंनी सईचे केस बाजूला केले, मान पाहिली, काखेत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मळ नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीर इन्सुलिन तयार करतंय, पण त्याचं कुणी ऐकत नाहीये, म्हणून शरीर अजून अजून तयार करतंय. त्याची खूण मानेवर उमटते. रक्त तपासलं तेव्हा साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती आणि डी अगदी खाली.

"दोन्ही पुष्कळदा जोडीने सापडतात," डॉक्टर म्हणाल्या. "कोण कुणामुळे, ते तितकं सोपं नाही. पण आत्ता हातात आहे. गोड पाणी बंद, रोज घाम येईपर्यंत चालायचं, वेळेवर झोप, आणि डीचं पाकीट आठवड्याला एक."

"आणि ऊन?" मी विचारलं.

"ऊनही घ्या. पण उन्हाने साखर उतरते असं कुणी सांगितलं तर मला कळवा, मी भांडायला येईन." मग त्यांनी सईच्या मानेकडे परत पाहिलं. कातडी एका ठिकाणी सोलवटली होती. "हे कुणी घासलंय?"

"मीच," सई पटकन म्हणाली. "मम्मीने नाही. मीच घासते."

मला तिथे रडू आलं. दवाखान्यात, लोकांसमोर. ज्या मुलीला मी सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली, ती मला सगळ्यांसमोर वाचवत होती.

आम्ही पाकिटं घेतली आणि रीतीप्रमाणे घाडीकाकांकडे गेलो. खरं म्हणजे मला माफी मागायची होती आणि ती सरळ मागायची माझ्यात हिंमत नव्हती. दार बेबीआत्याने उघडलं. साठीच्या आसपासची, स्थूल, गोरी. न बघितलेल्या उन्हाचा गोरेपणा. हसली आणि म्हणाली, "या ना. दादा, बघ कोण आलंय."

खिडकीपाशी काकांचं ड्रॉइंगचं टेबल होतं. सईने पाकिटं पुढे केली. काकांनी पेन काढायला ड्रॉवर उघडला. आत गुण्या, कंपास, पेन्सिली, सगळं आपापल्या जागी. आणि त्यांच्यामध्ये एक झिजलेली काळी वजरी. टाचा घासायची. माझ्या बाथरूममध्ये होती तशीच.

मी बघितलं ते काकांनी बघितलं. आत्या चहा टाकायला आत गेली होती. काकांनी पाकिटांवर 'रविवार' लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, बोलायला लागले.

"आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची. मीच वाढवली, विक्रोळीच्या चाळीत. पंधराची झाली आणि मान काळी पडली. मला काय कळणार? रविवारी मोरीत बसवायचो आणि घासायचो. कधीकधी रक्त यायचं. रडायची नाय. विचारायची, 'दादा, निघाला काय रे मळ?'"

पेन थांबलं आणि परत सुरू झालं.

"आणि उन्हात सोडली नाय. काळी होशील, स्थळ येणार नाय. पाणी भरायलापण मीच जायचो. छत्रीशिवाय दाराबाहेर पाय ठेवला तर ओरडायचो. स्थळं आली, मान बघून गेली. तिशीत पायाला जखम झाली, ती भरेना, तेव्हा साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, ही मानेवरची खूण तर लहानपणापासून असेल की. मीच घासलंय गो ते. ह्याच हाताने."

"दादा, पुरे," आतून आवाज आला. "तुला काय माहीत होतं? सारखं तेच उगाळतोस."

 सईने एकदम विचारलं, "काका, मग खाली ती खुर्ची कुणाची?"

काकांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती ओशाळली.

"कुठली खुर्ची?" आत्या ट्रे घेऊन बाहेर येत म्हणाली.

तिला माहीतच नव्हतं. त्यांच्या खिडक्या मागच्या बाजूला उघडतात. भाऊ रोज बाराला एक खुर्ची घेऊन कुठे जातो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायची तिला सवयच नव्हती.

"पार्किंगची," काका म्हणाले.

निघताना ते जिन्यापर्यंत आले. मी म्हटलं, "काका, स्कूटर आत्ता काढते." त्यांनी ते ऐकलंच नाही. सईला म्हणाले, "डीचं पाकीट ती घेते. तेवढ्यासाठी ऊन लागत नाय, मला कळतं. पण तिने एकदा उघड्यावर बसावं, बस. अख्ख्या सोसायटीला सांगतो, तिला कसं सांगू? जाऊ नको म्हणून मीच सांगितलेलं. ती अजून ऐकते."

मी घरी आले आणि आमची वजरी कचऱ्यात टाकली. पण टाकून सुटता येत नाही, हे काकांच्या ड्रॉवरने मला दाखवलंच होतं.

मार्चमध्ये सईची परीक्षा संपली. दुसऱ्या दिवसापासून ती खाली उतरायला लागली. सकाळ-संध्याकाळ चालायची आणि सावली बुटकी झाली की दहा-पंधरा मिनिटं पंपरूमपाशी उभी राहायची. पहिले काही दिवस केस मोकळे. मग एक दिवस तिने केस वर बांधले. मी बाल्कनीतून बघत होते. पट्टा होता तसाच होता, अजून फिका व्हायचा होता. तरी तिने बांधले. मला हाक मारून काही म्हणावंसं वाटलं, पण मी तोंड बंद ठेवलं. तेवढं मी शिकले होते.

दुपारी ती एकशे दोनमध्ये जाऊ लागली. आत्या तिला तांदळाची गोड बोरं करायला शिकवायला निघाली होती, सईने त्याऐवजी कुळथाचं पिठलं शिकून घेतलं. एकदा घरी येऊन म्हणाली, "मी आत्याला मान दाखवली. म्हटलं, आपली सेम टू सेम आहे. तिने हात लावून बघितली आणि विचारलं, दुखतं का?" मग तिचं एक काम सुरू झालं. आत्याला घेऊन घराबाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या. मग अर्धा जिना. मग पूर्ण जिना. पोर्चच्या सावलीपर्यंत यायच्या आणि आत्या थांबायची. पुढे ऊन असायचं. "बस आता," म्हणायची आणि वळायची. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ते टाकीपाशी, पोर्चमधून दिसत नाही अशा कोपऱ्यात, खुर्चीशेजारी उभे असायचे.

मेच्या मध्यात बिनसावलीचा दिवस आला. टळटळीत दुपार. काकांनी पाइप उभा केला होता, पोरं जमली होती, मराठे सर टोपी घालून खाली आले होते, शेंगांचं पातेलं तयार होतं. खुर्ची 'राखीव' चौकोनात होती. पाइपची सावली बोटभर राहिली, नखभर राहिली.

"गेली! गेली!" पोरं ओरडली.

काका शेंगांकडे वळले आणि तसेच थांबले. पोर्चच्या कडेला सई उभी होती, केस वर बांधून, आणि तिच्या हाताला धरून बेबीआत्या. लांब बाह्या, डोक्यावर ओढणी. छत्री मात्र नव्हती. एक पाऊल टाकलं असतं तर ऊन होतं. ते पाऊल आत्या टाकत नव्हती. तिने समोर काकांना पाहिलं आणि तिचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलीसारखा झाला. साठ वर्षांची बाई, पण विचारलं ते पंधराव्या वर्षीचंच.

"दादा, मी काळी होईन ना रे?"

काकांनी सवयीने खाली बघितलं. सावलीकडे. पण त्या दिवशी खाली बघायला काही नव्हतंच. सगळ्यांच्या सावल्या पायांखाली गेल्या होत्या. मग त्यांना वर बघावं लागलं, बहिणीच्या तोंडाकडे. 

"होशील जरा," काका म्हणाले. "हो गो बाय. ये."

आत्या उन्हात आली. सईबरोबर कंपाउंड ओलांडून खुर्चीपाशी पोचली, ओढणी खांद्यावर घेतली आणि बसली. तिची मान उघडी पडली.  

"चटका बसतोय रे दादा खुर्चीचा," ती म्हणाली. पण उठली नाही.